सप्टेंबर नावाची बाई

आईला सिनेमात काम मिळालं ते एका नमस्कारामुळे. दसऱ्याचा दिवस होता, आणि नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावात आमच्या ओळखीत साठीच्या पुढचं माणूस औषधालाही नव्हतं. सगळे बाबांसारखेच, पुण्या-मुंबईहून कंपनीने आणलेले, चाळिशीच्या आतबाहेरचे. कुणाचे आईवडील आले तर उन्हाळ्यात यायचे आणि थंडी पडायच्या आत परत पळायचे. आईला मात्र दसऱ्याला कुणातरी वडीलधाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय सण झाल्यासारखा वाटायचा नाही. सकाळी व्हिडिओ कॉलवर आजीला वाकून नमस्कार केला होता, पण फोन टेबलाला टेकवून त्याच्यापुढे वाकायचं, यात तिला काही राम वाटत नसे. त्या दिवशी आम्ही दोघी एका डच सिनेमात गर्दीतली माणसं म्हणून उभं राहायला गेलो होतो. तिथे ऐंशीच्या घरातला एक नट पायरीवर बसून चीजचं सँडविच खात होता. आईने त्याला पाहिलं, सरळ त्याच्यापुढे गेली आणि वाकली. म्हातारा आधी गोंधळला. मग त्याने सँडविच डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. हे त्याला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. सिनेमाची दिग्दर्शिका मार्लूस हे खिडकीतून बघत होती. दुपारी तिने आईला गर्दीतून बाहेर काढलं आणि मोठी भूमिका दिली.

सिनेमासाठी माणसं हवीत हा निरोप मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. दक्षिण आशियाई चेहरे हवेत, जेवण आणि प्रवासखर्च मिळेल, अभिनयाचा अनुभव नसला तरी चालेल. गोष्ट जुन्या काळातली होती. जहाजांच्या व्यापारात पूर्वेकडे गडगंज पैसा करून आलेला एक मालक, नदीकाठचं त्याचं घर आणि तिकडून सोबत आणलेले गुलाम. ग्रुपवर बऱ्याच जणांनी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं की ऑफिसात तेच करतो, शनिवार-रविवारी पुन्हा कशाला. आईने कुणालाही न विचारता आमची दोघींची नावं देऊन टाकली. कॉलेजात असताना ती एकांकिका करायची. पुढे लग्न झालं, मी झाले, आणि मग बाबांच्या मागोमाग इकडे येणं झालं. इथे ती बाबांच्या परमिटच्या शेपटाला बांधलेली होती. दिवसभर घर, सुपरमार्केट, सायकलचे धडे आणि आठवड्यातून दोनदा डचचा वर्ग, त्यात ‘माझ्याकडे एक मांजर आहे’ असली वाक्यं. आमच्याकडे मांजर नव्हतं.

“गुलामाचं काम?” बाबा म्हणाले होते. “तुला दुसरं काही मिळालं नाही?”

“अहो, काम ते काम. इथे मला राणीचं कोण देणार आहे?”

बाबांनी खांदे उडवले. मला शाळेची शरद ऋतूची सुट्टी होती आणि आईचं डच मांजराच्या पुढे गेलेलं नव्हतं, म्हणून मी दुभाषी. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि कुठल्याही मोठ्या माणसाला चूक ठरवायला टपलेली होते, त्यामुळे मला ते काम फार आवडलं. आईला किती आनंद झाला होता ते मी सांगायलाच हवं, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठी भूमिका मिळाली त्या संध्याकाळी तिने पुण्याला फोनावर फोन केले. मावशीला, कॉलेजच्या मैत्रिणींना, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही. “नायिका नाही गं, पण गोष्ट जवळजवळ माझ्याच पात्राची आहे,” असं ती प्रत्येकीला सांगत होती आणि सांगताना पुलावाची कढई हलवत होती. पुलाव खालून लागला. ती म्हणाली, खा तसाच.

घर फेख्त नदीच्या काठी होतं. ऑक्टोबरात तिकडे सकाळी धुकं गवताला चिकटून बसतं. गायी पोटापर्यंत दिसत नाहीत, नुसत्या पाठी तरंगताना दिसतात. आम्ही बसमधून उतरून झाडांच्या रांगेतून चालत जायचो आणि घर अगदी जवळ आल्यावर एकदम समोर उभं राहायचं, उंच खिडक्या, हिरव्या फळ्यांनी आतून बंद केलेल्या. आत मेणबत्त्या, मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास, आणि पाऊल टाकलं की लाकडी जमीन अशी कण्हायची की आवाज मुद्रित करणारा मुलगा डोक्याला हात लावायचा. आम्हाला जाड, मळकट रंगाची सुती वस्त्रं दिली होती. पाय अनवाणी. प्रवेशदालनातल्या दगडी लाद्यांचा गारठा मला अजून घोट्यांत आठवतो. गुलामांच्या कामाला वीसेक जण होतो, काही सुरिनामहून आलेले, भारतीय वंशाचे हिंदुस्तानी, काही तमीळ मुलं, डेल्फ्टला शिकणारे दोन भारतीय विद्यार्थी आणि आम्ही. मालकांच्या मेजवानीसाठी तेवढीच डच मंडळी, रेशमात आणि केसांच्या टोपांत.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली, तिच्याकडे बाकी कुणी लक्ष दिलं नाही. आम्हाला प्रसंगात भिंतीला लागून उभं राहायचं होतं. शॉट संपला, कॉफी आली, आल्याचा केक आला, खुर्च्या मांडल्या गेल्या. टोप घातलेले सगळे बसले. आम्ही भिंतीपाशीच उभे राहिलो. कुणी अडवलं नव्हतं. मार्लूस तर दोनदा म्हणाली, अहो बसा ना. डेल्फ्टचा एक मुलगा हो हो म्हणाला आणि उभाच राहिला. माझ्यामागे रिकामी खुर्ची होती. मला बसायचं होतं, पाय दुखत होते, आणि मला बसता येईना. आज इतक्या वर्षांनी त्याचं कारण द्यायला गेले तर देता येतं, कपडे, गारठा, संकोच वगैरे. पण तेव्हा मला भीती वाटली होती.

तो म्हातारा नट मालक झाला होता. त्याला सगळे नुसतं मेनेर म्हणायचे, म्हणजे आपलं साहेब. अतिशय गोड माणूस. मला शाळेबद्दल विचारायचा, आईच्या डब्यातले तिखटमिठाचे पराठे मिटक्या मारत खायचा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो एक करू लागला. कॅमेरा बंद असताना, कुणाशी बोलता बोलता, तो कॉफीचा रिकामा कप बाजूला हवेत धरायचा. बघायचा नाही. आणि आई कुठूनतरी येऊन तो कप घ्यायची. शूटिंगमधलं नव्हे हे. मी आईला विचारलं, “तू कशाला उचलतेस त्याचे कप?” तर ती म्हणाली, “कुठला कप?” ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातात तेव्हाही कप होता.

मार्लूसबद्दल मला वाईट लिहायचं नाही. तिशीची, आखूड केसांची, सगळ्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणारी. तिला वाटायचं की मालक आणि गुलाम यांच्यात नुसती जबरदस्तीच नसते, कधीकधी शब्दांपलीकडचं काहीतरी असतं, आणि तेच तिला पकडायचं आहे. हे तिने मला सांगितलं आणि मी आईला मराठीत सांगितलं. आईला लगेच पटलं. “तिला म्हणावं, मला कळतंय. आमच्याकडे मंदा होती ना. बारा-तेरा वर्षं होती. आमच्या घरचीच होती ती. आम्ही निघालो तेव्हा ढसाढसा रडली.” मी ते डचमध्ये सांगितलं. मार्लूसचे डोळे भरून आले. “बघ,” ती म्हणाली, “हेच.”

मंदा म्हणजे पुण्यातली आमची कामाची बाई. मी अकरा वर्षांची होईपर्यंत रोज बघितलेली. उंच, सावळी, डाव्या भुवईत एक व्रण. भांडी घासताना ती ओठ मिटून नाकातून एक सूर धरायची, गाणं नव्हे, नुसता वरखाली होणारा सूर, नळाच्या पाण्याच्या आवाजात मिसळलेला. हसू आलं की तोंडावर मनगट धरायची, कारण बोटांना साबण असायचा. चहा तिला ओट्याखाली ठेवलेल्या कपात मिळायचा, दांडी तुटलेल्या, आणि ती तो स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसून प्यायची. खुर्च्या चार होत्या.

आई चांगली नटी होती, हे मला त्या आठवड्यात कळलं. सेटवर ती जे करायची ते बघायला लोक हातातलं काम थांबवायचे. मालकाचे बूट काढताना मान अशी कलती ठेवायची की नजर त्याच्या गुडघ्याच्या वर जाऊ नये. कुणी कौतुक केलं तर मनगट तोंडावर. ताट ठेवून मागे सरताना हात पाठीमागे कमरेला पुसायचे. मार्लूस विचारायची, हे कुठून आणते ही? मला दोन दिवस कळलं नाही. नुसतं काहीतरी ओळखीचं वाटायचं आणि पाठीवरून गार हात फिरल्यासारखं व्हायचं. आणि मग एका संध्याकाळी मी सायकल लावून मागच्या दाराने घरात शिरले तर स्वयंपाकघरातून तो सूर येत होता. मिटल्या ओठांचा, नाकातला, वरखाली. मी दारातच थांबले. हूफडॉर्पचं आमचं ते नवंकोरं घर, पांढऱ्या भिंती, भांडी धुवायचं यंत्र, आणि आत मंदा. एवढी खात्री मला पुढे फार कमी गोष्टींची वाटली. मी आत डोकावले तेव्हा आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती, हाताने भांडी घासत.

“मशीन बिघडलंय का?” मी विचारलं.

तिने वळून बघितलं, आणि माझी आई तिच्या चेहऱ्यावर यायला क्षणभर वेळ लागला. मग ती म्हणाली, “नाही गं. असंच.”

जेवताना ती उभी होती. बाबा म्हणाले, “अगं, बस की.” ती म्हणाली, “तुमचं होऊ दे.” आमच्याकडे ही पद्धत नव्हती. आई कायम आमच्याबरोबर जेवायची, बऱ्याचदा आमच्याआधी. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग वरणात लक्ष घातलं. बाबांचं सगळं आयुष्य वरणात लक्ष घालण्यात गेलं, पण त्या रात्री तेही लवकर उठले.

आईचं पात्र बंगालमधून आणलेल्या गुलाम बाईचं, आणि तिचं नाव सप्टेंबर होतं. ते सुरुवातीला आम्हाला गमतीचं वाटलं होतं. सेटवर सगळे तिला त्याच नावाने हाका मारायचे आणि ती ओ द्यायची. पाचव्या दिवशी तिने मला मार्लूसला विचारायला सांगितलं, की बंगालमधल्या बाईचं नाव सप्टेंबर कसं? मार्लूस म्हणाली, तेव्हा तशीच पद्धत होती. ज्या महिन्यात विकत घेतलं त्या महिन्याचं नाव मालक द्यायचा. खरं नाव उच्चारायला अवघड, किंवा घरात त्याच नावाचं कुणीतरी असायचं. मी सांगितलं. आईने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. “आणि ती झोपते कुठे?” यावर मार्लूसने संहितेची पानं उलटली. मग तिने कलादिग्दर्शकाला हाक मारली. तो म्हणाला, माळ्यावर असेल किंवा चुलीपाशी, पण तसा प्रसंगच नाही ना. पूर्ण सिनेमात सप्टेंबर एकटी असलेला एकही प्रसंग नव्हता.

त्यानंतर मी असे खूप सिनेमे पाहिले. रॉटरडॅममधल्या माझ्या घरी आता मोठा पडदा आहे, आणि नात आली की तिलाही बसवते. ती डचमध्ये विचारते, आजी, तू गोष्ट बघत नाहीस, काय शोधतेस? मी खोली शोधते. मालक एकटा असला की कॅमेरा त्याच्याजवळ बसतो, त्याला पश्चात्ताप होऊ देतो, खिडकीतून बाहेर बघू देतो. गुलाम मात्र दार उघडून आत येतो तेव्हापासून असतो आणि दार लावून गेला की नसतो. क्रूर मालकांच्या सिनेमांत हे असतं आणि दयाळू मालकांच्या सिनेमांत जास्तच असतं. आपल्या हिंदी सिनेमांतले ते खांद्यावर पंचा टाकलेले म्हातारे नोकर, धन्याच्या पोराला अंगाखांद्यावर खेळवून शेवटी त्याच्यासाठी गोळी खाणारे, त्यांच्यावर आई हमखास रडायची. मीही रडायचे. त्यांना कुठे घर असेल, संध्याकाळी ते कुणाशी भांडत असतील, हे मनातही यायचं नाही.

त्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत होतो. बाहेर अंधारत होतं, काचगृहांचे नारिंगी दिवे लागले होते. आई म्हणाली, “रेवा, आपल्या मंदाचं खरं नाव काय होतं गं?”

“कुसुम.”

“हो. कुसुम.” ती म्हणाली, “तुझ्या आजीचंही तेच ना. ‘कुसुम, इकडे ये, कुसुम, भांडी घास’ असं सासूबाईंच्या देखत कसं म्हणणार? म्हणून त्यांनीच मंदा ठेवलं. पहिल्याच दिवशी.”

“तिला विचारलं होतं?”

“त्यात काय विचारायचं? सगळ्यांकडे तसंच करतात. तीही काही बोलली नाही.” मग ती खिडकीकडे वळली. काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. “राहायची कुठे तेही नीटसं माहीत नाही मला,” ती म्हणाली. “नदीपलीकडे कुठेतरी.”

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. मालक मरणाला टेकलाय. तो सप्टेंबरला जवळ बोलावतो आणि सांगतो, तू आजपासून मोकळी आहेस. मोकळीक दिल्याचा कागद तिला देतो. दार उघडं आहे, बाहेर ऊन. सप्टेंबर दारापर्यंत जाते, बाहेर बघते, आणि परत फिरते. येऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवते. दसऱ्याला आईने केला होता तोच नमस्कार. मार्लूसने तो आधीच दोन-तीन प्रसंगांत करून घेतला होता, पुन्हा पुन्हा, कधी प्रकाशासाठी, कधी पदरासाठी. एका सकाळी तर आई मला म्हणाली होती, “आता वाकताना मनात काहीच येत नाही बघ.” मार्लूसने आमचे दोघींचे हात धरले आणि सांगितलं की सगळा सिनेमा या वळून परत येण्यात आहे. आईने समजलं म्हणून मान हलवली.

खोलीत आम्ही सगळे भिंतीला लागून होतो. मेनेर पलंगावर उशांना टेकून पडला होता, चेहऱ्याला राखेसारखा रंग लावलेला. त्याने आपलं वाक्य म्हटलं आणि कागद पुढे केला. आईने तो घेतला नाही. तिने तिथल्या मेजावरचे दोन पेले उचलले, तांब्यातल्या पाण्याने विसळले, पालथे घातले. हे ठरलेलं नव्हतं. हात पाठीमागे कमरेला पुसले. मग ती दाराकडे निघाली, न घाई करता, उंबऱ्यापाशी पोहोचली, बाहेर बघितलं, ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं. आम्ही सगळे ती वळायची वाट बघत होतो. ती उंबरा ओलांडून गेली.

मला तेव्हा पुण्यातला तो दिवस समोर दिसला, इतका लख्ख की आता दोन्हींची सरमिसळ होते. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. आईने मंदासाठी चार साड्या, कुकर आणि घड्याळ असं एक बोचकं बांधून दारात ठेवलं होतं. आईचा रुमाल हातात तयार होता. मंदाने शेवटचे दोन कप विसळले, पालथे घातले, हात मागे पुसले, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेली. बोचकं तसंच. आई गॅलरीत धावली आणि तिने हाक मारली, “मंदा! अगं मंदा!” मंदा फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर वळली. एकदाही मागे बघितलं नाही. मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं, की त्या नावाशी तिचा संबंध त्या जिन्यावरच संपला होता.

“सप्टेंबर!” पलंगावरून हाक आली. मेनेर उठून बसला होता. हे वाक्य संहितेत नव्हतं. मार्लूसने ‘कट’ म्हटलं तरी त्याने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आवाज जास्त म्हातारा आणि जास्त रागावलेला. भिंतीपाशी कुणी हललं नाही. मला स्पष्ट वाटलं की आता आमच्यातल्या एकाला ओ द्यावी लागणार. मग मी अनवाणीच बाहेर पळाले.

आई गवतात होती, नदीजवळ. धुकं अजून पुरतं गेलं नव्हतं, आणि ती पाठमोरी चालत असताना मी तिला आई म्हणून हाक मारायला धजले नाही. न जाणो, नाही वळली तर. मी धावत पुढे गेले आणि तिच्या समोर उभी राहिले. आईच होती. थंडीने नाक लाल झालेलं.

मागून मार्लूस आली. ती चिडली नव्हती. ती म्हणाली, फार सुंदर होतं, पण ती वेगळी गोष्ट झाली, आता ठरल्याप्रमाणे करू या, ऊन जाईल. नाही जमलं तर मला शेवट दुसऱ्या कुणावर तरी पाठमोरा घ्यावा लागेल, आणि मग आईचं बरंचसं काम कापलं जाईल. मी हे सगळं मराठीत सांगितलं. आईने ऐकून घेतलं. तिचा चेहरा पडला, ते मी पाहिलं. तिने पुण्यात कुणाकुणाला काय काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं. आणि हूफडॉर्पमधले ते रिकामे सोमवार, मंगळवारही माहीत होते.

“आई, एकदाच कर ना,” मी म्हटलं. “खोटंच तर आहे.”

“ती रडली नव्हती, रेवा,” आई म्हणाली. “तू होतीस ना तिथे?”

“होते.”

“मग?” तिने नाक पुसलं. “मार्लूसला सांग, मला हे दुसरं येत नाही. मी कुणाला असं परत येताना बघितलेलं नाही.”

मी सांगितलं. मार्लूसला वाटलं, बाई थकली. तिने आणखी एकदा करून बघू म्हटलं आणि आईनेही नाही म्हटलं नाही. पुन्हा आत गेलो, पुन्हा मेनेर मेला, पुन्हा आई उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, ऊन घेतलं आणि निघून गेली. या वेळी कुणी हाक मारली नाही. मार्लूसने तिला मिठी मारली, फुलं दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी जाताना मेनेरने रिकामा कप हवेत धरला होता. आई त्याच्या शेजारून गेली. गाडीत ती शांत झोपली, आणि घरी आल्यावर टेबलाशी बसून दोनदा भात वाढून घेतला.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. पहिल्या खेळाला आम्हाला बोलावणं होतं. बाबांनी कोट घातला, आईने जांभळी पैठणी नेसली. काम काही कापलेलं नव्हतं. ती जवळजवळ प्रत्येक प्रसंगात होती, आणि इतकी चांगली की बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “ही कोण बाई आहे?” मी म्हटलं, “मंदा.” शेवट आला. मालकाने मोकळं केलं. आई दारापर्यंत गेली, ऊन चेहऱ्यावर पडलं, तिने बाहेर बघितलं. त्यापुढचं चित्र म्हणजे मालकाच्या चेहऱ्यावरचे थेंब. आणि त्यापुढे आई त्याच्या पायांवर वाकलेली होती. कुठल्यातरी दुसऱ्या दिवसाचा नमस्कार, मनात काहीच नसताना केलेला. त्यांनी तो तिथे आणून जोडला होता. सांधा कुठे दिसत नव्हता. ती दारातून परत आली होती आणि चारशे माणसांच्या समोर तिने त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. थिएटरभर हुंदके ऐकू येत होते. माझ्या शेजारी आई खुर्चीत ताठ बसली होती आणि समोर आई वाकून राहिली होती, हलतच नव्हती. माझ्या अंगावर काटा आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. तो सिनेमा आजही कुठे ना कुठे लागतो. आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण कुणी लावला की ती दारातून परत येते.

बाहेर लॉबीत पांढरी वाइन आणि चीजचे तुकडे फिरत होते. मार्लूस लांबून हात हलवत होती. गर्दीतून मोत्यांच्या कुड्या घातलेली एक वयस्कर डच बाई आमच्याकडे आली. डोळे लाल. तिने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, “किती प्रेम होतं तुझं त्याच्यावर. त्याने सोडलं तरी तू गेली नाहीस.”

आईला तोवर बऱ्यापैकी डच यायला लागलं होतं. ती म्हणाली, “नाही. मी निघून गेले.”

बाई हसली, रडता रडता, आणि माझ्याकडे बघितलं. आईला म्हणायचंय काय ते मी नीट करून सांगावं, अशी तिची अपेक्षा होती. परक्या देशात आलेल्या आयांच्या मुलींकडे लोक तसं बघतात.

“बरोबर सांगतेय ती,” मी म्हटलं. “ती निघून गेली. आम्ही सगळे तिथेच होतो.”

“हो, हो,” बाई म्हणाली आणि तिने आईचे हात आणखी घट्ट धरले. ती ते थोपटत होती, कुरवाळत होती, काहीबाही बोलत होती, आणि सोडत नव्हती. आई वाट बघत राहिली. मग तिने त्या बाईचं एकेक बोट उचलून आपले हात सोडवून घेतले, अगदी हळूच, दुखू न देता, आणि आम्ही कोट घेऊन बाहेर पडलो.